‘हूं’ची जागा

नव्या चपला घालून पहिल्या दिवशी कामावर जाऊ नये, असं तिची आई सांगत होती. पण आईचं ऐकायचं तिचं वय कधीच उलटून गेलं होतं, आणि न ऐकल्याचा पश्चात्ताप व्हायचं वय अजून आलं नव्हतं. त्यामुळे ती नव्या चपला घालून, दहा मिनिटं उशिरा, ध्वनिसंग्रहालयाचा जिना चढत होती आणि चपला पायरीपायरीला तिच्या उशिराची दवंडी पिटत होत्या.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक तरुण भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसला होता. कानांवर मोठे हेडफोन, हातात केसाळ टोपडं घातलेला माईक. याला चक्कर आली की काय, म्हणून ती विचारायला वाकली, तोच त्याने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. ती एका पायावर थांबली. दुसरा पाय टेकवायची सोय नव्हती, टेकवला की वाजला असता.

“रिकाम्या जिन्याचा आवाज घेत होतो,” शेवटी तो म्हणाला. “वीस मिनिटं झाली होती. त्यात ही कुरकुर आली.”

“कुरकुर माणसं करतात,” ती म्हणाली. “चपला करकरतात.”

आता त्याने डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग चपलांकडे, मग पुन्हा तिच्याकडे... या खेपेला जरा जास्त वेळ.

“मग असं करा,” तो म्हणाला, “खाली जाऊन परत चढून या. करकर चांगली आहे.”

आणि ती, जिला आधीच उशीर झाला होता, खरोखरच खाली गेली आणि परत चढून आली. का गेली, ते विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

संग्रहालयात चाळीस हजार आवाज होते आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. एकाच ओढ्याच्या आवाजावर कुणी ‘पाणी’ लिहिलं होतं, कुणी ‘ओढा’, कुणी ‘खळखळ’. शोधणाऱ्याने एक शब्द टाकला की बाकीचे दोन गायब. हा गोंधळ निस्तरायला तिला अकरा महिन्यांसाठी नेमलं होतं. एका सॉफ्टवेअरमध्ये तिला शब्दांचा वृक्ष उभा करायचा होता. सगळ्यांत वर ‘आवाज’, त्याखाली ‘पाण्याचे आवाज’, त्याखाली खळखळ, टपटप, डुबुक. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर कुणीतरी वडीलधारं हवंच. ज्याला कुणी नाही तो पडद्याच्या तळाशी लाल अक्षरांतल्या यादीत जाऊन पडे. यादीचं नाव ‘निराधार’. ती यादी ज्या दिवशी शून्य होईल, त्या दिवशी वृक्ष लोकांसाठी खुला होणार आणि तिची नोकरी संपणार, असा करार होता.

जिन्यावरच्या त्या ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणत. जिन्यावर कोण येतंय ते तो पावलांवरून सांगायचा. निम्म्याहून जास्त आवाज त्यानेच गोळा केलेले, म्हणून रोज चार वाजता त्याने तिच्या टेबलाशी बसावं असं ठरलं. आठवडाभरात त्याने तिचं नाव ‘कप्पेबाई’ ठेवलं. तिने राग आल्याचं दाखवलं आणि दुसऱ्या दिवशीपासून चारच्या आधी केस नीट करायला लागली.

त्याच्या मते हे सगळं म्हणजे एक घरच होतं. वर वडील, खाली लेकरं, शेजारी भावंडं. फक्त एक गोष्ट त्याला कळेना. हे ‘संबंधित’ म्हणजे कोण?

“वरचंही नाही, खालचंही नाही,” ती म्हणाली. “एकाचं नाव निघालं की दुसरं आठवतं, असं नातं. वीज म्हटलं की गडगडाट.”

“आणि जोडायचं कसं?”

“एकीकडून जोडलं की पुरे. दुसरीकडून आपोआप जोडलं जातं.”

“म्हणजे... एकतर्फी काही नाहीच?”

“सॉफ्टवेअर चालूच देत नाही.”

“माणसांपेक्षा शहाणं आहे,” तो म्हणाला आणि माईकचं टोपडं उगाच झटकत बसला. तिने पडद्याकडे बघत एकच शब्द तीनदा टंकला.

ते भांडायचे, म्हणजे मनापासून भांडायचे. कुजबुज माणसांची की पानांची, यावर तीन दिवस गेले. ती म्हणे पानं सळसळतात, कुजबुजायला तोंड लागतं. मग त्याने न बोलता हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. ठेवताना बोटं केसांत अडकली, ती सोडवायला दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती. कानांत पिंपळाची पानं खरोखरच कुणाची तरी चहाडी सांगत होती. तिने कुजबुजीला दोन वडील दिले आणि हार मान्य केली. हेडफोन मात्र तिने उगाच आणखी थोडा वेळ कानांवर ठेवले.

दहाव्या महिन्यात हुंकार आले. त्याने माणसांचे एकेचाळीस ‘हूं’ जमवले होते. होकाराचा, नकाराचा, ‘ऐकतोय, पुढे सांग’ असा, आणि ‘मुळीच ऐकत नाहीये’ असाही. चाळीस जागेवर बसले. एकेचाळिसावा बसेना.

तो त्याच्या आईचा होता. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, बोलणं मोजकंच. संध्याकाळी घरी आले की दारात नुसतं खाकरायचे, आणि आतून आई ‘हूं’ म्हणायची. चहा ठेवलाय, पोरं जेवलीत, आलात ते बरं झालं, हे सगळं त्या एका अक्षरात. वडील गेले. दोन वर्षांनी एकदा हा काम आटोपून घरी आला, दारात नकळत त्यांच्यासारखाच खाकरला... आणि आतून ‘हूं’ आलं. खांद्यावरचं यंत्र चालूच राहिलं होतं.

“मग?” तिने विचारलं.

“मग काही नाही. आई बाहेर आली, मला बघून हसली, डोळे पुसले, चहा ठेवला.”

तिने तो आवाज पुन्हा ऐकला नाही. पुन्हा ऐकला असता तर तिलाही डोळे पुसावे लागले असते. या माणसावर आपला जीव जडलाय, हे तिला त्या संध्याकाळी स्वच्छ कळलं, आणि कळलं म्हणून तिला भीतीच वाटली.

कारण त्याच आठवड्यात पत्र आलं होतं. सहा तासांच्या अंतरावरच्या शहरातल्या एका रुग्णालयाच्या ग्रंथालयात रोगांची नावं लावायची होती आणि नोकरी कायमची होती. ती सोडावी असं तिच्या मनात नव्हतं, तिने होकार कळवला आणि त्यालाही सांगून टाकलं. तिचं मागणं एवढंच होतं की जाण्याआधी त्याने काहीतरी बोलावं. पण देवाने याला ऐकायला चार कान दिले होते आणि तोंडाला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली होती.

इकडे वृक्ष पूर्ण झाला, पण निराधारांची यादी शून्य होईना. रोज संध्याकाळी सहाला ती शेवटचा शब्द जागेवर बसवून घरी जायची, सकाळी यावं तर यादीत ‘करकर’ पुन्हा लाल. असं नऊ दिवस चाललं. शेवटी ती वैतागून संचालिकेकडे गेली. संचालिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे, असं तिने ठासून सांगितलं.

मोठ्या बाईंनी चष्मा लावला, कानसेनालाही बोलावून घेतलं, आणि दोघांनाही ज्याचा साफ विसर पडला होता ते पान उघडलं. बदलांची नोंद. कुणी, काय, किती वाजता बदललं, सगळं तिथे आपोआप लिहिलं जात होतं. बाई वाणसामानाची यादी वाचावी तशा वाचू लागल्या.

“‘करकर’, निराधार केली. संध्याकाळी सव्वासहा. ध्वनिमुद्रक.” त्यांनी पान सरकवलं. “दुसऱ्या दिवशी, सव्वासहा, ध्वनिमुद्रक. तिसऱ्या दिवशी, सव्वासहा...”

ती त्याच्याकडे बघायला वळणार, एवढ्यात बाई पुढे वाचू लागल्या.

“‘हूं’, निराधार केला. सकाळी सव्वानऊ. शब्दसूचीकार. दुसऱ्या दिवशी, सव्वानऊ, शब्दसूचीकार.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर दोन्ही चोर एकमेकांसमोर उभे होते आणि बिचारं सॉफ्टवेअर सुटलं होतं. संध्याकाळी तिचं कर्तव्य जागं व्हायचं आणि ती ‘हूं’ला कुठेतरी बसवायची, सकाळी मन जागं व्हायचं आणि ती त्याला उठवायची. तो मात्र शून्य दिसलं की संध्याकाळीच ‘करकर’ उठवून मोकळा व्हायचा.

“शुक्रवारी मला शून्य हवंय,” बाई चष्मा काढत म्हणाल्या. “आत्ता मी चहाला जाते. अर्धा तास लागेल. दार ओढून घेऊ का?”

दार ओढलं गेलं. तिने वाट पाहिली. तो खिडकीकडे बघत होता, मग माईककडे, मग स्वतःच्या बोटांकडे.

“काम संपू नये असं वाटत होतं,” तो म्हणाला.

“का?”

त्याने तोंड उघडलं... आणि पुन्हा माईकचं टोपडं झटकायला लागला. ती मदत करू शकली असती. पण आयुष्यभर कप्प्यांना नावं देणाऱ्या बाईला एवढं एक नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकावंसं वाटलं तर काय चुकलं? तिने ‘करकर’ जागेवर बसवली. ‘हूं’ तसाच ठेवला.

“हा तुमचा,” ती म्हणाली. “याची जागा तुम्हीच शोधा.”

शुक्रवारी यादी शून्य झाली. त्याने ‘हूं’ कुठे बसवला ते तिने पाहिलंही नाही. निरोपाला तो जिन्यापर्यंत आला, सांभाळून जा म्हणाला, आणि ती करकरत खाली उतरली. बसमध्ये तिने स्वतःला बजावलं की रडायचं नाही, आणि पहिला तासभर ते पाळलंही.

नव्या ग्रंथालयात रोग भरपूर होते आणि सगळ्यांना वडील होते. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिला राहवेना. तिने तो वृक्ष उघडला, आता तो कुणालाही बघता येत होता. ‘आवाज’, त्याखाली ‘माणसांचे आवाज’, त्याखाली ‘हुंकार’... त्यात चाळीसच. मग वर चढली, दुसऱ्या फांदीने उतरली. ‘घरातले आवाज’मध्ये दारं होती, भांडी होती, आणि अगदी शेवटी ‘दारातून आत येताना’. त्याखाली एकटा ‘हूं’ बसला होता. तिला महिनाभरात न सुचलेली ती जागा होती, आणि चोख होती.

बाजूला टीप होती: ‘प्रश्न विचारण्याआधी दिलेलं उत्तर. एकच नमुना उपलब्ध. दुसरा मिळवायचा आहे.’

आणि टिपेखाली, संबंधित: ‘करकर, नव्या चपलांची’. तिने त्यावर बोट दाबलं. करकर उघडली, आणि तिथे, कुणी न जोडता, सॉफ्टवेअरने आपणहून लिहिलं होतं, संबंधित: ‘हूं’.

तेवढ्यात तिला बाहेरच्या जिन्यावर आवाज आला. पायरीपायरीला करकर, कोऱ्या चामड्याची, आणि चपला पायांना चावत असाव्यात, कारण एक पाय जरा लंगडत होता. आवाज तिच्या दाराबाहेर येऊन थांबला. ती उठली नाही.

“यंत्र चालू आहे का?” तिने आतूनच विचारलं.

“नाही,” बाहेरून उत्तर आलं. “हा दुसरा नमुना संग्रहासाठी नकोय मला. घरासाठी हवाय.”

आणि मग दाराबाहेर तो खाकरला.

“हूं,” ती म्हणाली.