नडगीवरचा निळा डाग

“तुम्हाला उजवा पाय आहे की नाही हो?”

हे मच्छिंद्रला तोंडावर विचारून दाखव, अशी पैज माझी मैत्रीण रोशनबी आणि आमच्या टोळीनं लावली होती. श्रीरामपुरात तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, फुटबॉल संघात सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारा. बॉल मारायचा तो डाव्याच पायानं, आणि तोरा असा की बास! मी अकरावीत, मुलींच्या संघात फुलबॅक. गोलापर्यंत कुणाला पोचू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

तो थांबला. हसला. “आहे की… बघायचाय?”

“आधी मला चुकवून दाखवा!”

नाही चुकवता आलं. बॉल माझ्याकडे राहिला, आणि तो… तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

आमच्या खेळाच्या बाई म्हणाल्या, मुलांशी खेळाल तरच तयार व्हाल. मग रोज संध्याकाळी बाईंच्या देखत सराव. वाऱ्यावर साखर कारखान्याच्या मळीचा वास यायचा. मला तोसुद्धा आवडायला लागला — यावरून काय ते समजा.

फेब्रुवारीत बाईंनी बातमी आणली. पुण्याच्या मुलींच्या संघाला फुलबॅक हवी होती. परीक्षा झाली की चांगुणानं यावं. चांगुणा म्हणजे मीच! आणि त्याच आठवड्यात मच्छिंद्रच्या घरचे मला बघायला आले. त्यानंच घरी विषय काढला होता.

पोहे झाले. त्याच्या बनुआत्या म्हणाल्या, “पोरी, जरा दारापतूर चालून दाखव.”

चालले. नडगीवर हा एवढा निळा डाग, पाय टेकवेना.

“अगं बया! पोरगी लंगडती व्हय?”

आईचा चेहरा उतरला.

“न्हाई आत्या,” मच्छिंद्र पटकन म्हणाला. “काल माझाच बूट लागला. बॉल सोडलाच न्हाई तिनं.”

“म्हंजी पोरांत खेळती? बरं. लगीन झालं की बॉलबिल बंद. आमच्याकडं गाई लई हायेत, पळायची हौस तिथं फिटंल!”

सगळे हसले, माझे वडील, दादाही. मी मच्छिंद्रकडे पाहिलं. आता बोलेल… तो बशीत चहा ओतत राहिला.

निघताना दारात हळूच म्हणाला, “तू फक्त हो म्हण. आत्याला मी समजावीन नंतर.”

“आत्ता का नाही?”

“…घाबरलो.”

निदान खरं बोलला. त्याचे डोळे फार छान आहेत. पण डोळ्यांनी आत्या ऐकत नाहीत.

ते गेल्यावर आई म्हणाली, “आवडतो ना गं तुला?”

“आवडतो,” मी म्हणाले. पहिल्यांदाच, तेही मोठ्यानं.

दादांना हायसं वाटलं. “मग होकार कळवू?”

“नको, दादा. नकार कळवा. परीक्षा झाली की मी पुण्याला खेळायला जाणार. त्याला मला भेटायचंच असेल, तर मॅच बघायला यावं — आत्यांना बरोबर घेऊन.”