नामाआधीची मात्रा

“ऐकून झालं की तोंड बंद. चिठ्ठीवर फक्त आकडा लिहायचा, एक किंवा दोन. का आवडलं ते मला सांगू नका, शेजारच्यालाही सांगू नका.”

संस्थापक दाजीकाका लेल्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी स्पीकर पारखणाऱ्या सांगलीच्या श्रवणमंडळाचा जिना चढताना शरयूताईंना हा आवाज ऐकू यायचाच. मंडळाच्या चाचण्या त्यांच्याच शिस्तीने चालत. स्पीकर काळ्या पडद्याआड ठेवायचे, दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा करायचा, कारण जरा मोठा वाजणारा स्पीकर उगाच चांगला वाटतो. मग एकेकाने आत जाऊन मधल्या खुर्चीत बसायचं आणि चिठ्ठी डब्यात टाकून गप्प बाहेर यायचं. एकाच्या मताची छाया दुसऱ्याच्या कानावर पडू नये, एवढाच हेतू.

आता पडद्याआड दोन्ही बाजूंना ‘अनुश्रव’च असत, एक नवा आणि एक त्याहून नवा. अनुश्रव म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाचा माग घेत चालणारा स्पीकर. घराघरांत तो आल्याला दहा वर्षं झाली होती. कापडी पडद्याचे जुने स्पीकर मंडळाच्या कपाटात पडून होते.

त्या शनिवारी चाचणीला गोदाक्कांची एकुलती एक ध्वनिफीत लावली होती. गोदाक्का शरयूताईंच्या गुरू. त्यांच्याकडून मिळालेले अभंग शरयूताई बारा मुलींना शिकवत. त्यांतली रेवती आज मंडळात पहिल्यांदाच आली होती. तिला नियम माहीत नव्हता.

“ताई,” बाहेर येताच ती म्हणाली, “दुसऱ्या ओळीत, नामाआधी, गोदाक्का कसली सुरेख तान घेतात हो.”

“तान नाही गं. मींड आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं. मी तुम्हाला मींडच शिकवलीय.”

“तुम्ही मींड घेता. घरी ही फीत ऐकताना मला वाटायचं, आमच्यासाठी सोपं करून सांगता.”

“बोलायचं नाही इथं,” मंडळाचे जुने सभासद जयसिंगराव घाटगे बाहेरच्या खुर्चीतून म्हणाले. “दाजीकाका वरून बघतायत.”

शरयूताई हळू बोलत, पण एकदा ठरवलं की बधत नसत. “बघू देत. जयसिंगराव, कपाटाची किल्ली द्या.”

जुना स्पीकर पुसून जोडला. त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या. दुसरी ओळ आली. तिथे तान नव्हती आणि मींडही नव्हती. गोदाक्का थांबल्या होत्या. एक अख्खी मात्रा नुसती शांतता, त्यात श्वासाचा बारीक आवाज, आणि मग विठ्ठलाचं नाव.

तीनदा लावलं. तीनदा तसंच.

हेमांगी निंबाळकर मागे उभी होती. अनुश्रव घडवणाऱ्या पहिल्या तुकडीतली ती संशोधक, आता मंडळाची सभासद.

“हेमांगी, फीत बिघडली का गं?”

“नाही, ताई. कान नुसता आवाज घेत नाही, अगदी बारीक आवाज बाहेर सोडतोही. पुढचा सूर कुठे पडेल याची मेंदू वाट बघत असतो, तसा तो आवाज बदलतो. अनुश्रव तो टिपतो आणि गाणं केसभर त्या बाजूला सरकवतो. चार माणसं बसली तर चौघांकडे चार वेगळे झोत सोडतो.”

“केसभर? इथं अख्खी मात्रा बुजली.”

“एका दिवसात नाही बुजली. आज केसभर सरकलेलं तुमच्या लक्षात राहतं. उद्या कान त्याचीच वाट बघतो, मग आणखी केसभर.”

शरयूताईंनी पदर सारखा केला. “मी तिथे घाई करायचे. नाव लवकर घ्यायची मला हौस. गोदाक्का हात वर करून थांबवायच्या. त्या गेल्यावर रोज पहाटे पूजा झाली की ही फीत लावायचे, चुकू नये म्हणून. म्हणजे दहा वर्षं मी माझी हौसच ऐकली.”

इतकी वर्षं मंडळातल्या प्रत्येकाने वेगळंच गाणं ऐकलं होतं, आणि बोलायचं नाही म्हणून कुणालाच ते कळलं नव्हतं.

“पण आता तुम्हाला माहीत झालंय,” जयसिंगराव म्हणाले. “आता होऊन जाऊ दे. जुना विरुद्ध अनुश्रव, मध्ये पडदा. मी सांगतो, गोदाक्का स्वतः येऊन गायला बसल्या तरी अनुश्रवपुढं हरतील.”

पडदा ओढला गेला. शरयूताई आत गेल्या आणि त्यांनी डोळे मिटले. पहिल्या स्पीकरने ती मात्रा रिकामी सोडली. दुसऱ्यानेही सोडली, पण ती शांतता अधिक भरलेली होती. समईची ज्योत स्थिर व्हावी तशी. याच गोदाक्का, यात त्यांना शंका उरली नाही. चिठ्ठीवर त्यांनी दोन लिहिलं.

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर डबा उघडला. सगळ्याच चिठ्ठ्यांवर दोन होतं. हेमांगीने पडदा सारला. दोन नंबरला अनुश्रव होता.

“असं कसं?” रेवतीने विचारलं. “त्यात तर मींड यायला हवी होती.”

“ताईंचा कान आता शांततेची वाट बघत होता,” हेमांगी म्हणाली. “फितीत ती आहेच, अनुश्रवने ती केसभर वाढवून दिली. त्यांना हवी तेवढीच.”

“बंद करता येईल का हे?”

“बटण आहे. पहिल्या वर्षापासून आहे. ते बंद केलं की लोक दुरुस्तीला फोन करतात, स्पीकर बिघडला म्हणून.”

जयसिंगराव हसायला लागले, पण शरयूताईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हसू आवरलं.

“ताई, बाकीच्या अकराजणींचं काय?” रेवती म्हणाली. “सगळ्यांच्या घरी अनुश्रव आहे. मी सांगितलं तर म्हणतील, ही कोण शहाणी.”

“मी सांगेन.”

“फोनवर?”

“फोनवर नाही. एकेकीच्या घरी जाऊन, समोर बसून. आधी माझी चूक सांगेन.”

“नक्की?”

“आषाढी एकादशीच्या आत. अकराही घरं.”

“आणि पुन्हा तुमच्याच मनासारखं व्हायला लागलं तर?”

“तू चल बरोबर. मी घाई केली की हात वर करायचा.”

“मी? तुम्हाला?”

“हो. लाजायचं नाही.”

जयसिंगरावांनी न सांगता जुना स्पीकर चादरीत गुंडाळून पिशवीत घालून दिला. शरयूताईंनी चपला घातल्या आणि गळ्यातला तुळशीचा मणी ओठांना लावला. अजून ऊन होतं. पहिलं घर विश्रामबागेत होतं. पिशवीचा एक बंद रेवतीने धरला, दुसरा त्यांनी, आणि दोघी जिना उतरू लागल्या.