उद्या देतो

जरा जवळ सरका. मोठ्याने सांगण्यासारखी गोष्ट नाही. एका स्टो दुरुस्त करणाऱ्याची आहे, म्हणजे माझीच.

हा पितळी स्टो माझ्या थोरल्या भावाचा. गॅसच्या डब्या येण्याआधी डोंगरावर जाणारे असलेच घडीचे स्टो पाठीवर न्यायचे. पाय दुमडले की पत्र्याच्या डब्यात मावतो. डब्याचं झाकण म्हणजेच पातेलं. पंपाचं चामडी वॉशर बदलायला दादाने तो माझ्याकडे टाकला होता. मी चार वेळा म्हटलं, "उद्या देतो." पाचव्या दिवशी तो स्टोशिवाय बर्फात गेला. परत आला नाही.

मग वॉशर घालून स्टो वहिनींना दिला. वर्षभराने त्या तो घेऊन दुकानात आल्या.

"भावजी, हा गळतो. सकाळी भरते, चारला कोरडा."

टाकी पाण्यात बुडवली. एक बुडबुडा नाही. आठवड्याने वहिनी पुन्हा हजर. तिसऱ्यांदा मात्र माझं डोकं फिरलं.

"वहिनी, याला काहीही झालेलं नाही."

"मग रॉकेल जातं कुठे? मी पिते?"

शेवटी दुकानातच ठेवून घेतला. काठोकाठ भरला, झाकण पान्याने आवळलं, कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. चारला पाहिलं तर टाकी कोरडी, बर्नर गरम. काजळी नाही, वास नाही. पाच दिवस हेच. देवा, मी एवढं काय घोडं मारलंय, म्हणालो.

सहाव्या दिवशी तीन गिऱ्हाइकं डोक्यावर बसलेली, त्यात वहिनी आल्या.

"आज भरलात?"

"उद्या भरतो," मी खेकसलो.

गिऱ्हाइकं गेली. चार वाजले आणि कपाटातून आवाज आला. पंपाचा. दांडा आत, बाहेर. रिकाम्या टाकीत नुसती हवा.

वहिनींनी माझं मनगट धरलं.

आवाज मंदावला.

थांबला.

उघडलं तेव्हा दांडा अर्धा बाहेर होता. पितळेवर बर्फ साचला होता.

तेव्हापासून रोज सकाळी देवाचं नाव घेतो आणि आधी स्टो भरतो. एक दिवस चुकवला नाही. गेल्या महिन्यात वहिनीही देवाघरी गेल्या. तेव्हापासून एक टाकी पुरत नाही. दोनलाच संपते, पुन्हा भरावी लागते.

मीही आता थकलोय. मी नसलो तर दादा-वहिनींची आठवण ठेवा. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला आहे.

उद्या भरू म्हणू नका.