फिकी राजा मिरची

खरं प्रेम माणसाला आतून जाळत जातं आणि ती आग कशानेही विझत नाही. विलेनोची आग डाव्या डोळ्यात होती आणि ती विझवायला अर्धा कप दूध पुरलं.

झालं असं, की कोहिमाच्या बाजारात एका बाईने तिला ‘अस्सल राजा’, म्हणजे नागा डोंगरांतली सगळ्यात जहाल जात, म्हणून एक लालभडक मिरची विकली. विलेनोने ती तिथल्या तिथे नखाने चिरून हुंगली आणि उतारावरून येताना पापणीवर पडलेला पावसाचा थेंब त्याच बोटाने पुसला. पुढची वाट तिला दिसलीच नाही. दिसलं ते एक उघडं दार आणि आत आडवी ठेवलेली, बसायला बरी अशी लाकडी पेटी. ती धपकन बसली.

“पाणी... पाणी द्या कुणीतरी!”

“पाणी नको, पसरेल,” एक शांत आवाज म्हणाला. “मान वर करा. दूध आहे. चहासाठी ठेवलं होतं, पण आज कोरा पिऊ.”

दूध डोळ्यात गेलं. जग हळूहळू परत आलं — आधी पत्र्यावरचा पाऊस, मग ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास, मग भुसा लागलेल्या दोन भुवया आणि त्यांच्याखालचे डोळे... जे तिला जरा जास्तच बारकाईने न्याहाळत होते.

“काय बघताय?”

“काही नाही... सवय.” तो ओशाळला. “पाच फूट दोन?”

विलेनोने खाली पाहिलं. ती शवपेटीवर बसली होती. झाकणावर क्रूस होता.

“माझं माप घेतलंत?”

“डोळे आपोआप घेतात. पण तुम्ही सावकाश या. म्हणजे... घाई नाही.”

हा मेदोवी. वस्तीत कुणी गेलं की पेटी त्याच्याकडूनच यायची. त्यामुळे लोक त्याच्याशी फार गोड बोलत आणि त्याला घरी कधीच बोलावत नसत. त्याच्या खिडकीत उरलेल्या फळ्यांचे खोके होते आणि त्यांत मिरचीची रोपं होती. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची सोय नसली की माणूस काहीतरी शोधतोच.

त्याने तिच्या हातातली मिरची उजेडात धरली. “ही राजा नाही.”

“डोळा गेला माझा!”

“डोळा साध्या मिरचीनेही जातो. हिची साल बघा, कशी तुकतुकीत. राजाची खरबरीत असते, सुरकुतलेली. रात्रभर झोप न झाल्यासारखी.”

“माझ्या आईसारखी,” विलेनो म्हणाली. थट्टेनेच म्हणाली, पण हसू मध्येच थांबलं.

आईच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी, घरच्या माणसांत ठेवा, असं सांगून घरी पाठवली होती. प्रार्थनेला आलेल्या पाद्रीबुवांना ती पेंग येईपर्यंत सहन करायची, गाल्हो, म्हणजे पालेभाजी घातलेली भाताची पेज, दोन चमचे घ्यायची. पण मागायची एकच गोष्ट — आपल्या बियाण्याच्या राजा मिरचीची चटणी. बाजारची तिला चालत नसे; विलेनोने आजची घेतली ती नाइलाजाने. बाजारची मिरची म्हणजे दुसऱ्याच्या आईचं दूध, असं तिचं मत होतं.

ते बी आईला तिच्या आईकडून आलेलं. गावचं शेत रस्त्याखाली गेलं आणि उरलेलं एक झाड शहरातल्या बाल्कनीत आलं. गावाकडे राजा नेहमी एकटी, बाकीच्या मिरच्यांपासून दूर लावतात. हे विलेनोला कुणी सांगितलं नव्हतं, कारण गावात ते सांगावं लागत नाही. तिने हौसेने त्याच्या दोन्ही बाजूंना साध्या मिरच्यांचे डबे मांडले. मधमाश्यांनी उरलेलं काम केलं, आणि बी धरल्यावर मूळ झाड गारांच्या माऱ्याने मेलं. आता त्या संकरित बियाण्याची रोपं तेलाच्या डब्यांत उभी होती. त्यांतलं आईचं कुठलं, हे ओळखायची अक्कल विलेनोला नव्हती. ती शाळेत भूगोल शिकवायची.

“मला दाखवा,” मेदोवी म्हणाला.

“घरी येता?”

“छे! मी जिना चढलो की लोक रडायला लागतात. तुम्हीच आणा.”

मग विलेनो छत्रीखाली एकेक डबा घेऊन त्याच्या दुकानी जाऊ लागली. तो पानं बोटांत हलकेच धरायचा... आणि ती त्याची बोटं बघायची.

“हे गेलं. पान सपाट आहे.”

“हे?”

“याला कळी यायची वाट बघू. एका पेरात एकच फूल आलं तर साधी, जोडीने आली तर आशा.”

“तुम्हाला जोड्या बऱ्या आवडतात.”

“माझ्या धंद्यात सगळे एकेकटेच येतात हो.”

ती हसली, आणि मग घरी आई कण्हत असेल हे आठवून गप्प झाली. हसणं आणि गप्प होणं, या दोन्हींत तो तिच्याकडे सारखाच बघत होता.

एका डब्यात फुलं जोडीने आली, हिरवट पांढरी. फळ धरलं तेव्हा देठाखाली बारीक वळी दिसली. “हीच,” मेदोवी म्हणाला, “अंगाने तरी हीच. पण तिखट आहे का, ते फक्त जीभ सांगेल.”

फळ केशरी झालं त्या आठवड्यात आईने पेजही सोडली. लाल होईपर्यंत थांबायची विलेनोची हिंमत झाली नाही.

“आई, ज्याने रोप ओळखलं त्याला बोलावू?”

“त्या पेटीवाल्याला?” आत्या किंचाळली. “या घरात? वहिनी जिवंत असताना?”

“बोलवा,” आई म्हणाली. “नाहीतरी यायचंच आहे त्याला. जिना अरुंद आहे, वळण बघून ठेवेल.”

मेदोवी आला, वळण न बघता. आत्याने अर्धी मिरची भाजल्या टोमॅटोबरोबर वाटली. विलेनोने चटणीचं बोट आईच्या जिभेवर ठेवलं. सगळे थांबले. आईने अजून मागितली. अर्धा चमचा गेला.

“फिकी,” आई म्हणाली. “पोरी, माझ्या आईचं बी बुडवलंस तू.” मग तिचे डोळे एकदम मोठे झाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात भीती आली. “का... माझी जीभच गेलीय? सुतारा, तू खा. खरं सांग.”

मेदोवीने चमचाभर तोंडात टाकली. विलेनो त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे कान आधी गुलाबी झाले, मग लाल. कपाळावर थेंब फुटले. मानेची शीर उडू लागली. चेहरा मात्र दगडाचा.

“फिकी आहे, काकी,” तो म्हणाला. “काकडीच.”

“मग डोळ्यांत पाणी कसलं?”

“सर्दी.”

“पेटीवाल्याने आजारी पडू नये. लोक कुणाच्या तोंडाकडे बघतील?” आई उशीवर टेकली. तिच्या गालांवर जरा रंग आला होता. “बघ, जीभ शाबूत आहे माझी! आणि ही शिकलेली पोर! बी सांभाळता येत नाही आणि नकाशे शिकवते!”

आईच्या माहेरी बिघडलेलं बी घरात ठेवत नसत. ज्या हाताने पेरलं, त्याच हाताने उपटायचं, घरच्यांदेखत.

“आण ते इथे. उपट.”

विलेनोने डबा आणला. एकदा मेदोवीकडे पाहिलं. त्याचा हात अर्धवट वर झाला... आणि खाली गेला. तिने रोप मुळासकट उपटलं. आईने मान डोलावली, समाधानाने.

थोड्या वेळाने मेदोवी जिन्याच्या वळणावर भिंत धरून उभा होता. विलेनो दुधाचं पातेलं घेऊन धावली. त्याने ते तोंडाला लावलं.

“किती होती?”

“जन्मात... खाल्ली नाही... अशी.”

“मग खोटं का बोललात?”

“माझ्याकडे माणसं गेल्यावर येतात. जायच्या आधी कुणाला उपयोगी पडायची पहिलीच वेळ.” त्याने श्वास घेतला. “आणि तुम्ही मला आवडता. हे जिभेची अशी अवस्था नसताना सांगायचं होतं.”

“आवडते म्हणून मला बी-बुडवी ठरवलंत?”

“तेवढं चुकलंच.”

ती रडत होती आणि हसतही होती. तिने त्याचा हात धरला. “डोळ्यांना लावू नका,” तो म्हणाला.

आई आणखी नऊ दिवस जगली आणि नऊही दिवस विलेनोच्या नावाने खडे फोडत राहिली. आत्या म्हणते, इतकी ताकद तिला औषधाने कधी आली नव्हती. पेटी गमारीच्या लाकडाची होती. जिन्याच्या वळणावर अडकली, मग तिरकी करून काढावी लागली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचं लग्न झालं. आत्या पहिल्या बाकावर काळी शाल पांघरून बसली. रात्री मेदोवीने रुमालाची पुरचुंडी सोडली. चटणीतून उरलेली अर्धी मिरची त्या दिवशी त्याने ताटातून उचलली होती. बिया सुकवून ठेवल्या होत्या.

थंडी ओसरल्यावर दोघांनी त्या नव्या मातीत पेरल्या. डबा एकटाच ठेवला, आसपास दुसरी मिरची नाही. विलेनो रोज सकाळी बोट बुडवून ओल बघायची आणि मेदोवी तिला बघायचा.

मिरची पुरती पिकण्याआधी तोडलेली होती. बी उगवलं नाही.