सेंटमध्ये राहिलेला मेल

“गेला का हो?”

शहापूरच्या तहसील कचेरीसमोर ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान होतं. भावना तिथे काम करायची. समोरचा उंच, सावळा तरुण तिसऱ्यांदा तेच विचारत होता. त्याचं मेलचं खातंही तिनेच आत्ता उघडून दिलं होतं.

“गेला,” तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. “हा बघा, ‘सेंट’मध्ये. अर्ज, मार्कशीट, सगळं. पाठवलेल्याची एक प्रत आपल्याकडे राहते.”

“मग जपून लिहायला पायजे,” म्हणत तो हसला... आणि भावनाच्या बोटांनी भलतीच कळ दाबली.

तो चंदर. सिद्धगडाच्या पायथ्याचा, मुरबाडला बी.कॉम. झालेला. दर गुरुवारी दोन बस बदलून तो यायला लागला.

“मुरबाडला नेट नाय?” तिने एकदा विचारलं.

“नेट हाय. तुमी नाय.”

तिचे कान तापले. उन्हाळ्यात त्याने तिच्यासाठी पानाच्या द्रोणातून करवंदं आणली. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मग पुण्याकडच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली.

“दिवाळीत येतो. तुझ्या घरी बोलायला.”

दिवाळी सरली, तो आला नाही. धसईच्या तांदळाच्या व्यापाऱ्याच्या मुलाचं स्थळ मात्र आलं. फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून भावनाने मेल लिहिला – ‘मला मागणी आलीय. मी थांबू का? एवढंच सांग.’

आठ दिवस उत्तर नाही. शेवटी तिनेच फोन लावला.

“कुठला मेल गो? मला आलाच नाय... थांब ना थोडी.”

ती थांबली. आईशी भांडून, बाबांचा अबोला सोसून तिने ते स्थळ मोडलं.

माघात त्याचा फोन आला. “माझी मार्कशीट सापडत नाय गो. मेल उघडून बघतेस? पासवर्ड तोच, तू ठेवलेला.”

फोन कानाशी धरून तिने ‘सेंट’ उघडलं. अर्जाच्या वरच तिचा मेल होता. चंदरने तो रवींद्र नावाच्या मित्राला पुढे पाठवला होता, वर चार ओळी लिहून – ‘पोरगी चांगली हाय रे. पण इथं साहेबांच्या मेहुणीशी माझं जुळतंय. तोंडावर नाय म्हणवत नाय. मेल मिळालाच नाय, असं सांगतो.’

“सापडली?”

“मार्कशीट सापडली,” भावना म्हणाली. “माझा मेलपण सापडला.”

“तो... तो तर मी डिलीट केलेला—”

त्याने पुसला होता तो आलेला मेल. पुढे पाठवलेला तसाच राहिला होता.

“भावना, ऐक ना...”

तिने मार्कशीट पाठवली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी ती तांदूळ निवडायला बसली. आईने हळूच विचारलं, “चंदरचा फोन आलता का गो?”

“आलता.”

“मंग? काय म्हणला?”

भावनाने सूप खाली ठेवलं. जे त्याला इतक्या महिन्यांत म्हणवलं नाही, ते तिलाच म्हणावं लागलं.

“नाय म्हणला, आई.”