चार्जरचा हिरवा दिवा

"मार्थाबाई, माझ्या बाबांना खुनी ठरवलंय हो!"

भिंगारच्या त्या छोट्या कचेरीत शॅरन रडतच शिरली. कॉलेजातून तशीच आली होती. तिचे वडील याकोब मुळा धरणाच्या फुगवट्यावर पुंजारामआबांची बॅटरीवरची लाँच चालवत. आज दुपारी आबा केबिनमध्ये मेलेले सापडले. दार-खिडक्या बंद, आत जनरेटर सुरू आणि सगळा धूर कोंडलेला.

"जनरेटर मागं उघड्यावर ठेवतात. बाबा त्याला आत नेणारच नाहीत!"

मार्थाबाई उठल्या. पोरीची पिशवी अर्थातच रंगनाथच्या गळ्यात पडली. एसटीतून निवृत्त झाल्यापासून या गुप्तहेर बाईंच्या मागं फिरणं हाच त्याचा उद्योग.

"पोरी, धोंडे भरलेत का यात?"

"आबांनी सकाळी हे बांधलेलं खोकं दिलं, नगरला दुरुस्तीला टाक म्हणून. त्यांचं शेवटचं काम, तेही राहिलं."

ती पुन्हा रडू लागली. रंगनाथला आपल्याच जिभेचा राग आला.

धरणावर फौजदार याकोबला जीपमध्ये बसवत होते.

"मी शेतात गेल्तो, बाई. एकलाच हुतो, साक्ष कुनाची देऊ?"

आबांचा पुतण्या गोरक्ष पुढं सरसावला. "काका ठार बहिरं. झोपलं की ढोल वाजला तरी उठायचं न्हाई. ह्यो चार्जिंग लावून निघून गेला."

"तुम्ही पाहिलंत?"

"व्हय तर! काचेतून चार्जरचा हिरवा दिवा दिसत हुता. लई येळ चालू हुतं."

"याकोबचं आबांशी वैर होतं?"

"कसलं वैर! काका लाँच त्याच्याच नावावर करनार हुतं," गोरक्ष दात-ओठ खात म्हणाला.

मार्थाबाईंनी लाँचवर चढून मोटारीचं बटन दाबलं. मोटार हूं की चूं करेना.

"इतका वेळ चार्जिंग झालं, तरी बॅटऱ्या उतरलेल्याच? फौजदारसाहेब, जनरेटरची वायर कुठं जोडलीय?"

फौजदार वाकले. "अरेच्चा! कुठंच नाही."

"जोडणार कशाला? जनरेटर आणि बॅटरीच्या मध्ये चार्जर लागतो. रंगनाथ, पिशवी उघडा."

आतल्या खोक्यातून चार्जर निघाला. रंगनाथ बघतच राहिला. अख्खा पुरावा त्यानंच खांद्यावरून वाहिला होता!

"आबांनी हा सकाळीच शॅरनकडे दिला. चार्जिंग करायला आलेला माणूस आधी चार्जर शोधतो. तो नाही म्हटल्यावर जनरेटर लावतच नाही. इथं कुणाला तरी नुसता धूर हवा होता." बाई वळल्या. "आणि गोरक्ष, तुम्हाला हिरवा दिवा दिसला कुठं? शॅरनच्या पिशवीत?"

गोरक्ष उसळून ओरडला. "परक्याला लाँच द्येनार हुतं... मी रक्ताचा असून!"

याकोब जीपमधून उतरला आणि लेकीला कवटाळून ढसाढसा रडला.

थोड्या वेळानं शॅरननं डोळे पुसले आणि रंगनाथपुढं हात केला.

"काका, पिशवी द्या. दुकान उघडं असेल अजून."

"अगं, हा चार्जर आता पुरावा म्हणून पोलीस ठेवून घेणार," रंगनाथ हळूच म्हणाला.

"मग कोर्टातून सुटला की मीच दुरुस्तीला टाकीन. आबांनी मला सांगितलंय."