समुद्र सातपुड्यापर्यंत येणार होता

कल्हई लावलेल्या पातेल्यात झुंबरला आधी स्वतःचं नाक दिसलं, आणि मग नाकाच्या शेजारी एक अनोळखी मिशी.

तिनं झटकन मागं पाहिलं. सोनाळ्याच्या बाजारात अब्दुल गनीच्या भट्टीपाशी, भात्याची दोरी हातात धरून, एक जण तिच्या खांद्यावरून वाकला होता. अंगात खाकी सदरा, पायात बूट, आणि तोंडावर साळसूदपणा.

"काऊन वाकून पाहून राह्यले?" ती म्हणाली.

"कल्हई पाहून राह्यलो. धरली का नाही..."

"मंग? धरली?"

"लय साफ दिसून राह्यलं."

"भाता मार बे, निवृत्ती!" गनीचाचा ओरडला. "आग विझून राह्यली."

"विझत नाही, चाचा," निवृत्ती म्हणाला, पण नजर काही भट्टीकडे नव्हती.

हाच तो, हे झुंबरनं ओळखलं. ब्रह्मदेशात लष्कराची मोटार चालवून नुकताच परत आलेला. जपानावर पडलेल्या त्या बॉमबद्दल सगळा गाव त्यालाच विचारायचा, जणू ट्रंकेतून एखादा घरी घेऊन आला होता. आत्या, रुखमाबाई, मिरच्या घ्यायला गेली होती. मग झुंबरनंही विचारलं, "खरंच एका बॉममधी शहर जळते?"

त्याचं हसू क्षणभर मावळलं. "जळलं म्हनतात. म्या नाही पाह्यलं. बरं झालं नाही पाह्यलं." मग तिचा उतरलेला चेहरा पाहून त्यानं घाईघाईनं गाडी वळवली. "आता तर आषाढात समुद्रात टाकनार हायेत. पेपरात आलं. समुद्र असा उकळन, का पानी थेट आपल्या सातपुड्यापर्यंत! म्हनून म्हनतो... आषाढापर्यंतच वेळ हाय. तोवर जरा हासून घ्या."

आणि झुंबर हसली. पदर तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मिरच्यांचं गाठोडं घेऊन मागं येऊन उभी राहिलेली रुखमाआत्या मात्र हसली नाही.

त्या उन्हाळ्यात झुंबरच्या बापाच्या, हिंमतरावांच्या, घरातली भांडी जेवढी चकचकीत झाली, तेवढी कधीच झाली नसतील. दर बाजाराला झुंबरला कुठल्या ना कुठल्या भांड्याचं तांबं उघडं पडलेलं दिसायचं, आणि दर बाजाराला भात्यावर निवृत्तीच असायचा. चाचा आपला नवसागर फेकत धुराआड बसायचा. भला माणूस, त्याला ऐकू कमी येत होतं असं नाही.

अडचण एकच होती. झुंबरची सोयरीक झालेली होती. डोणगावचे किसनराव, बिजवर, जमीनजुमला भरपूर, कानावरचे केस पिकलेले. पण लग्न होतं तुळशीच्या लग्नानंतर. पेरण्या आटोपल्या की निवृत्तीचे काका भगवानराव झुंबरला मागणी घालायला येणार होते. झुंबरची माय, तानुबाई, निम्मी वळलीच होती. तिला जावयाच्या पिकल्या केसांचं पहिल्यापासूनच वाईट वाटत होतं. उरलेली निम्मी दिवाळीपर्यंत वळली असती. वेळ हवा होता, आणि वेळ होता.

पण समुद्र निघाला होता ना.

रुखमाआत्यानं तो आधी विहिरीवर सांगितला. पुढच्या बाजाराला त्याचं पाणी मारुतीच्या कळसाला लागलं. त्यात कोणी तालुक्याहून पेपर वाचून आलं, आणि समुद्रात खरंच बॉम टाकणार असं त्यात छापलेलं निघालं. झालं! कोणी बियाण्याच्या शेंगा भाजून खाल्ल्या. कोणी नवसाचा बोकड नवस न फेडताच कापला. बांधावरून भांडणारे दोघे भाऊ गळ्यात गळा घालून रडले, आणि पाणी आल्यावर कोणती टेकडी कोणाची, यावरून संध्याकाळी पुन्हा भांडले. आणि लग्नं! ज्याच्या घरी पोरगी होती, तो जेठ सरायच्या आत तिला उजवून मोकळा व्हायला धावला.

"मरन येऊन राह्यलं तर येऊ दे," हिंमतराव म्हणाले. "पन कन्यादान राह्यलं तर वरतं बापजाद्यायले तोंड कसं दाखवू?"

डोणगावला निरोप गेला. किसनरावांनी उलट टपाली होकार दिला. एकट्यानं बुडायचं त्यांच्याही जिवावर आलं असावं. हळद लागायला गुरुजींच्या सवडीचीच वाट होती. ते बिचारे एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळत होते. शेवटी परवाचा दिवस मिळाला.

निवृत्तीनं ऐकलं आणि तो धावत मारुतीच्या पारावर गेला. "ऐका बे सारे! समुद्र बिमुद्र काही येत नाही. म्या थट्टा केली होती!"

"कोनासंगं केली थट्टा?" म्हाताऱ्या कडूबानं विचारलं.

निवृत्तीनं तोंड उघडलं... आणि मिटलं.

"पाह्यलं?" कडूबा म्हणाला. "सरकारनं तोंड दाबलं याचं."

त्यामुळे ज्यांना थोडी शंका होती, त्यांचीही फिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागं झुंबर त्याच्यावर धावूनच गेली. "नाव घेतलं असतं माझं!"

"तुही अब्रू—"

"अब्रू घेऊन डोनगावले जाऊ काय?"

तो एकदम म्हणाला, "पळून जाऊ. चाल! मोटार चालवता येते मले."

"मोटार कुठी हाय?"

"...नाही."

दोघांनाही हसू आलं. त्या वेळी येऊ नये तेच आलं, आणि हसता हसता तिला रडू कधी फुटलं ते तिलाही कळलं नाही. निवृत्तीनं तिचा हात धरला. भट्टीनं भाजलेली बोटं, खरखरीत.

"झुंबर, मले तूच पायजे. म्या लय काही खोटं बोललो... हे नाही."

"माईत हाय," ती म्हणाली. "मीच सांगीन बा ले."

आणि तिनं सांगितलं. हिंमतराव बैलाला वैरण टाकत होते. ती शेजारी उभी राहून बोलली, न थांबता, जमिनीकडे पाहत. तो बॉमचा समुद्र निवृत्तीनं आपल्याला हसवायला रचला होता, भट्टीपाशी. दुसरं काही नाही, बा. काही बुडत नाही.

आधी त्यांच्या तोंडावर इतका आनंद पसरला, की झुंबरला वाटलं, आपण जिंकलो! किती तरी दिवसांनी माणसानं पोटभर श्वास घेतला. बैल राहणार होते. शेत राहणार होतं.

"मंजे पानी येत नाही?"

"नाही येत, बा."

"तुले हासवाले म्हने तो?"

"...हाव."

"अन् तू हासली."

हिंमतरावांनी हातातली वैरण खाली ठेवली, आणि घराकडे तोंड करून हाक मारली.

"तानू! गुरुजीले सांगावा धाडा. लगन उद्या नाही, आजच लावाचं. त्यायले दुसरा मांडव सोडा लागला तरी चालन."

समुद्र येणार होता तो आषाढातला दिवस झुंबरला डोणगावात उजाडला. तिच्या सासूनं, सरस्वतीबाईंनी, देवघरातले देव अंगणात आणून मांडले होते. घरातल्या प्रत्येकाच्या मुठीत तुळशीपत्र होतं. चूल पेटली नव्हती. किसनराव, एवढा मोठा माणूस, तिच्याजवळ सरकून बसले आणि त्यांनी चारचौघांत तिचा हात धरला.

त्या अंगणात न घाबरलेली ती एकटीच होती. एका शब्दात सगळ्यांना सोडवू शकली असती. पण ती बोलली नाही. ती मावळतीकडे बघत बसली, आणि मनात म्हणत राहिली, ये ना... खरंच ये.

दुपार झाली. कोंबड्या उकरत राहिल्या. ऊन कललं. कोणीतरी पहिल्यांदा खाकरलं, कोणीतरी हसलं, आणि मग सगळं अंगण रडायला आणि हसायला लागलं.

"लय भेली होती काय?" किसनरावांनी हळूच विचारलं. माणूस वाईट नव्हता, हेच तर जास्त लागत होतं.

"हाव," झुंबर म्हणाली. "आता भेव वाटून राह्यला."

"आता कायले भेतं व? टळलं सारं." त्यांनी तिचा हात थोपटला. "आता लय वर्सं हायेत आपल्यापाशी."

"सूनबाई," आतून सासूबाई म्हणाल्या, "चूल पेटवा."

झुंबरनं हात सोडवून घेतला, आणि ती उठली.